कुलूपवाल्या बाई

बसा ताई, पुढेच बसा. ही गोष्ट मान मागे वळवून सांगण्यासारखी नाही.

तुमच्या खुर्चीवर आधी कोण बसायचं, हे साहेबांनी तुम्हाला सांगितलंच असेल. ‘अत्यंत सेवाभावी व्यक्तिमत्त्व’. शोकसभेतही ते हेच म्हणाले. आवाज मध्येच भरून आला त्यांचा. मी मागे दाराशी उभा होतो आणि माझे दात एकमेकांवर घासत होते.

मी अकरा वर्षं त्या बाईंची गाडी चालवली; तक्रार आली की घरी जाऊन तपासायचं, हे काम त्यांचं. लोक त्यांना कुलूपवाल्या बाई म्हणायचे. कुठल्याही घरी गेल्या की पाणी नको, चहा नको. आधी घरभर नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, “त्या दाराला कुलूप का?” घरातलं माणूस डोक्यानं बिघडलं, म्हातारं झालं, अंथरुणातच सगळं करायला लागलं, की त्याला आत कोंडून बाहेर टीव्ही बघत बसणारी माणसं मी या अकरा वर्षांत इतकी पाहिली, की आता चांगल्या घरात गेलो तरी माझं लक्ष कड्यांकडे जातं. चांगली माणसं असतात हो ही. शिकलेली, नीट बोलणारी. आम्हाला बघून ‘या, या’ म्हणणारी.

त्या दिवशी बाईंना तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी जायचं होतं. नवरा गेल्यावर एक बाई बोलायची बंद झाली होती. राहतं घर तिच्या नवऱ्याचं. दीर आणि जाऊ सोबतीला म्हणून आले आणि सहा महिन्यांत ती शेजाऱ्यांना दिसेनाशी झाली. बाई चार वेळा जाऊन आल्या, चारही वेळा ‘ती गावाला गेलीय’ हेच उत्तर. पाचव्यांदा निघाल्या, तर साहेबांनी गाडी अडवली. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं होतं. कार्यक्रम कसला, माहीत आहे? समाजसेवेचा पुरस्कार.

“तुमचं काम काय, उद्याही होईल,” साहेब म्हणाले.

बाई उन्हात पायी गेल्या. तीन मजले चढल्या आणि त्या घराच्या दाराशीच कोसळल्या. दिराने दार उघडलं, पाहिलं आणि परत लावून घेतलं. हे खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने जिन्यातून पाहिलं आणि मला सांगितलं. ती कुणाला तरी घेऊन वर येईपर्यंत पाऊण तास गेला होता, बाई संपल्या होत्या. तेव्हा मी पाहुण्यांच्या बॅगा उतरवत होतो.

तीन महिन्यांनी साहेबांनी मला एक कागद दिला. ‘प्रकरण बंद करण्यास हरकत नाही.’ त्यावर त्याच दिराची सही आणायची होती. ऑफिसची तपासणी जवळ आली होती, उघडी प्रकरणं दिसायला नको होती. मी कागद घडी करून खिशात घातला. नोकरी आहे, ताई. पोटापुढे माणूस किती वाकतो, ते मी तेव्हा पाहिलं.

दुपारचे तीन वाजले असतील. जिन्यात कुणी नव्हतं. पहिल्या मजल्यावर कुठेतरी मिक्सर फिरत होता, दुसऱ्यावर तोही ऐकू येईना. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा माझ्याच श्वासाचा आवाज मला नकोसा वाटायला लागला. बाई पडल्या होत्या ती फरशी मी ओलांडली नाही, कडेने गेलो.

दार जावेने उघडलं. चाळिशीची असेल, पण डोळ्यांखाली असं काळं झालेलं, की आजारी वाटावी. मी ऑफिसचं नाव घेतलं, तशी ती भिंतीला टेकली.

“आता तुम्हीपण?” ती म्हणाली. “त्या येतात तेवढ्या पुरे नाहीत का?”

“कोण येतं?”

आतून दीर आला. धिप्पाड माणूस, पण शर्टाची बटणं खालीवर लागलेली. त्याने माझ्या हातातला कागद जवळजवळ हिसकावला.

“आणा, सही करतो. मग यायचं बंद होईल ना त्यांचं? बंद होईल ना?”

“कुणाचं, साहेब?”

“ऑफिसच्या त्या बाई.” तो आवाज दाबून बोलत होता. “रोज तीनला येतात. दार मी उघडत नाही. तरी... तरी आत असतात.”

मला राग आधी आला, भीती नंतर. मी म्हणालो, “ज्या बाईंना तुम्ही दारात मरू दिलंत, त्या?”

कागद त्याच्या हातून सुटला. मी तो उचलायला वाकलो, आणि तेव्हा मला ऐकू आलं.

घराच्या टोकाला एक दार होतं. बाहेरून कडी, कडीला कुलूप, शिवाय पुढे कपाट अर्धवट सरकवलेलं. त्याच्यामागे कुणीतरी हळू बोलत होतं. लहान मुलाला समजवावं तसं, थांबून थांबून. आणि मध्येच एक बारीक आवाज. टक्... मग थोडं थांबून, टक्...

अकरा वर्षं ज्या आवाजाने मला ‘जरा हळू घ्या हो’ म्हटलं, तो आवाज मी ओळखणार नाही?

“झालं हं,” तो आवाज म्हणाला. “आता दुसरा हात दे.”

दीर सोफ्याच्या मागे जाऊन उभा राहिला होता. एवढा मोठा माणूस, आणि सोफ्याच्या मागे.

जावेने कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात कोंबली. “उघडा एकदाचं. मला नाही सहन होत. मी म्हणत होते यांना, मी पहिल्यापासून म्हणत होते...”

“मग उघडलंत का नाही?” मी विचारलं.

कपाट मी एकट्याने ढकललं. कुलूप उघडताना किल्ली दोनदा खाली पडली. कडी काढली आणि आतलं बोलणं थांबलं.

खोलीला खिडकी होती, ती पत्रा ठोकून बंद केलेली. कोंडलेल्या माणसाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही, तो होताच. पण त्यावर साबणाचा ताजा वास होता. ती बाई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. अंगावर फाटका गाऊन, हाडांचा सापळा. पण केस ओले, विंचरलेले, मधोमध भांग. उजव्या हाताची नखं नुकतीच कापलेली, नीट गोलाई देऊन. डाव्या हाताची लांब, पिवळी, वाकडी झालेली. आणि तो डावा हात तिने समोर धरला होता. कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नेलकटर नव्हतं. जमिनीवर कापलेल्या नखांचा तुकडाही नव्हता.

मी कागद तिथेच फाडला. तिला पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरलो. वजन म्हणाल तर भरल्या पिशवीएवढं. दीर मागून म्हणत होता, “आम्ही तिची काळजीच घेत होतो.” मी वळून त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर आज मी तुमची गाडी चालवत नसतो, आत असतो.

दिरावर तक्रार नोंदवली, ती अजून पुढे सरकतेय, मुंगीच्या पावलांनी. साहेबांनी मला मेमो दिला, परवानगीशिवाय प्रवासी बसवल्याबद्दल. तो मी घरात भिंतीला चिकटवून ठेवलाय.

ती बाई तीन आठवडे वॉर्डात एक शब्द बोलली नाही. काल सकाळी सिस्टरचा फोन आला. बोलायला लागलीय म्हणे, पण एकच वाक्य. ‘साबणाच्या कारखान्यामागची गल्ली, शेवटचं घर. ड्रायव्हरला सांगा.’

मी काल दुपारी गेलो. शेवटचं घर एका खोलीचं. दाराला कुलूप, गंजून कडीशी एक झालेलं. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “तिथे कुणी नाही राहत. आम्ही आलो तेव्हापासून बंदच आहे.”

मी फटीला डोळा लावला. आत सरळ समोरच्या भिंतीपर्यंत दिसत होतं. धूळ होती, आणि काही नव्हतं. माणूस तर नाहीच, माणसाची खूणही नाही. परत फिरणार होतो, पण का कोण जाणे, दारावर बोटाने दोनदा वाजवलं.

अगदी दाराला तोंड लावल्यासारखा, एका म्हाताऱ्याचा आवाज आला. घाबरलेला नव्हता, कंटाळलेला होता.

“आलात का... बाई सकाळपासून सांगतायत, येतील म्हणून.” आत बरीच पावलं एकदम सरकल्यासारखी वाटली.

“गाडी मोठी आणलीत ना? आम्ही पुष्कळ जण आहोत.”