कागदावरची मालकीण

अग्निशमन खात्याचे साहेब आले, तेव्हा मी कारखान्यात खमण घेऊन गेले होते. वराछा भागात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमचं साड्यांना लेस लावायचं काम चालायचं. वीसेक बायका जमिनीवर बसून टाके घालायच्या.

"मालक कोण?" साहेबांनी विचारलं.

"मीच," माझे यजमान किरीट म्हणाले.

"कागदावर निरुपमाबेन आहेत. आग लागून कोणी दगावलं, तर कायदा आधी यांना धरेल. मागचा जिना मोकळा करा."

साहेब गेल्यावर किरीट हसले. "टॅक्ससाठी नाव लावलंय गं तुझं. तू सह्या करायच्या आणि घरी ढोकळे वाफवायचे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नफा यांचा, तुरुंग माझा! मी तडक मागच्या बाजूला गेले आणि छताला टेकलेले साड्यांचे गठ्ठे ओढून काढू लागले. मागे जिन्याकडे जायला दारच उरलं नव्हतं. गाळा घेतानाच यांनी ते विटांनी बुजवलं होतं. गठ्ठ्यांना जागा हवी म्हणून.

विटांवर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. तव्यासारख्या तापल्या होत्या.

"पलीकडून ऊन लागत असेल," किरीट म्हणाले.

पलीकडे बंद जिना. तिथे ऊन कुठलं?

मग भिंतीतून खोकला ऐकू आला. आधी एकीचा, मग पुष्कळ जणींचा. आणि विटेला तोंड लावल्यासारखी हाक आली, "निरुबेन, उघडा ना."

"पाइपाचा आवाज आहे," किरीट म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मग तुमचा पाइप तुमचं नाव का घेत नाही?"

मी खालून गवंडी बोलावला. किरीट आडवे आले.

"भिंतीला हात लावशील तर बघ!"

"भिंत माझी आहे. कागद बघा. बाजूला व्हा!"

पहिली वीट निघाली आणि खोकला थांबला.

जिना रिकामा होता. धूर नाही, राख नाही. या इमारतीत आग कधी लागलीच नव्हती.

पायऱ्यांवर बायकांच्या चपला होत्या. वितळून फरशीला चिकटलेल्या.

टाके घालणाऱ्यांपैकी जसुबेन वाकली. एका पट्ट्यावरचा लाल दोरा तिने बोटाने चाचपला.

"हा टाका माझा आहे," ती म्हणाली. "आज सकाळीच घातला."

तिची चप्पल पुढच्या दाराबाहेर होती. तिने जाऊन आणली. तोच पट्टा, तोच टाका.

बायका उठल्या आणि अनवाणीच निघून गेल्या.

मी कारखान्याला कुलूप लावलं, परवाना परत केला. किरीट महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी दुसरा गाळा घेतला. माझी धाकटी जाऊ हेतल, तिच्या नावावर.

मी तिला सगळं सांगितलं. ती हसली. "मी तर त्या गाळ्यात पाऊलही टाकलं नाही, भाभी."

परवा तिचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"भाभी, माझ्या केसांना जळका वास येतोय. कितीही धुतले तरी जात नाही."