सोळा तासांचा दिवस

चंद्रस्थानकाच्या पशुकक्षात बर्फी नावाची अकरा आठवड्यांची सशीण स्वतःच्या पोटाचे केस तोंडाने उपटत होती.

"घरटं करतेय," पशुवैद्य डॉ. इरावती सोमण म्हणाल्या. "उद्या सकाळी विणार."

"अशक्य," स्थानकप्रमुख टिपणीस म्हणाले. हा त्यांचा कार्यालयीन शब्द होता. त्यानंतर ते सहसा चौकशी समिती नेमत. "दहाव्या आठवड्यात नर वेगळा करायचा, असा नियम आहे. पेढ्याला आपण बरोबर दहाव्या आठवड्यात हलवलं. माझी सही आहे."

"पेढ्याने ती वाचली नसावी."

इरावतींनी ध्वनिदर्शक बर्फीच्या पोटावर धरला. चार पिल्लं, हाडं भरलेली, तीस दिवसांची. पिंजऱ्याच्या चित्रणात मात्र पेढ्याचा पराक्रम वीस दिवसांपूर्वीचा होता. तेव्हा दोघं आठ आठवड्यांची होती.

इरावतींनी वर छताच्या दिव्यांकडे पाहिलं. सहा महिन्यांपूर्वी चाऱ्याचा घास लवकर वाढावा म्हणून टिपणीसांनी स्थानकाचा दिवस सोळा तासांचा केला होता. आठ तास उजेड, आठ तास अंधार. त्याला 'प्रकाशदिन' असं नावही त्यांनीच दिलं. उत्पादन दीडपट झालं आणि त्यांना मानपत्र मिळालं. ते पिंजऱ्यांच्या वरच टांगलेलं होतं.

"सर, शरीर तास मोजत नाही, किती सकाळी झाल्या ते मोजतं. इथे जमिनीखाली सूर्य नाही, दिवा लागला की त्याच्या लेखी सकाळ. पृथ्वीच्या दोन दिवसांत आपण तीन सकाळी उरकतो. बर्फी कागदावर अकरा आठवड्यांची, अंगाने सोळा. ती वयात आली तेव्हा आपल्या नोंदीत तान्ही होती."

टिपणीसांचा हात नकळत कानशिलावरच्या पांढऱ्या केसांकडे गेला. "पण आता करायचं काय?"

"हात लावायचा नाही. कोवळी पहिलटकरीण आहे, घाबरली तर पिल्लं मारेल. खोकं द्यायचं, गवत द्यायचं आणि बघत उभं राहायचं नाही."

खोकं घेऊन चारा विभागातली नगमा तांबोळी आली. उड्डाणाच्या आदल्या आठवड्यात राहिलेला गर्भ तिला इथे आल्यावर कळला होता. सहावा महिना. बाळ पायाळू, म्हणून शस्त्रक्रिया पृथ्वीवर ठरलेली; स्थानकावर माणसांसाठी फक्त एक दंतवैद्य होता. तिच्या पोटाची ध्वनिदर्शकाने काढलेली चित्रं पाहून पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी कळवलं होतं : बाळ वयाच्या मानाने मोठं, साखर बंद.

"मॅडम, बर्फीचं खोकं," नगमा म्हणाली. "माझीही आज गंमतच चाललीय. कपाट तीनदा आवरलं. आणि कंबर धरते, सुटते, परत धरते."

सहाची दीडपट करायला टिपणीसांनाही समिती लागली नाही.

"यान कधी आहे?" इरावतींनी हळूच विचारलं.

"तीन आठवड्यांनी."

"या कळा अजून खोट्या आहेत. खऱ्या उद्या सकाळी येतील. आणि पायाळू बाळ मी इथे काढू शकत नाही, सर. दोघांपैकी एक तरी जाईल."

टिपणीस भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मुख्य खटका खाली ओढला.

"मग सकाळ होऊच द्यायची नाही."

काळोखात केस उपटल्याचा बारीक आवाज येत राहिला. मग मंदावला. मग थांबला.

"कंबर सुटली," नगमा म्हणाली.

एकवीस दिवस स्थानक चाचपडत चाललं. घास पिवळा पडून मेला. यान आलं तेव्हा इरावतींसोबत निघालेल्या नगमाच्या डोळ्यांवर पट्टी होती आणि मांडीवर झाकणाची टोपली. टोपलीत बर्फी, अजून विण्याच्या आदल्या दिवसावर थांबलेली.

पृथ्वीवरच्या रुग्णालयात डॉ. नाडगौडांनी फाइल चाळली. "सातवा महिना. बाळ मोठं दिसतंय, साखर बंदच ठेवा. दोन महिन्यांनी या. आणि ही पट्टी कसली?"

त्यांचा हात पट्टीकडे गेला. इरावतींनी मनगट पकडलं.

"माझी फाइल आधी बघा," त्या म्हणाल्या. त्यांनी टोपली टेबलावर, दिव्याखाली ठेवली आणि झाकण काढलं.

बर्फीने डोळे मिचकावले. बराच वेळ काही झालं नाही. नाडगौडांनी घड्याळ पाहिलं, दोनदा. मग बर्फीने मान वाकवली, पोटाचे केस उपटले आणि नगमाच्या फाइलवर नीट पसरले. नाडगौडांचं वाक्य तयार होईपर्यंत 'सातवा महिना' या शब्दांवर एक गुलाबी, ओलं पिल्लू वळवळत होतं.

"आता सांगा," इरावती म्हणाल्या, "हिची पट्टी इथे काढू, की शस्त्रक्रियागृहात?"