आवतणगंध

डॉ. नझीर अत्तारांनी अंजीर उभं चिरलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. डॉ. शुभदा केंजळेने डोळा लावला मात्र, ती झटकन मागे सरली. लाल गरात एक चिलटाएवढं केंबरू अर्धं विरघळून पडलं होतं. पंख गळलेले, पोटाची पेज झालेली, एक पाय तेवढा शाबूत.

"अंजीरमाशी," अत्तार म्हणाले. ते कीटकतज्ज्ञ, असल्या गोष्टी चहा पिता पिता बघत. "मादी अंजिराच्या तोंडाच्या बारीक भोकातून आत घुसते, अंडी घालते, मरते. फळ तिला पचवून टाकतं."

शी! तेहेतीस दिवस हीच घाण आपण जिभेवर घोळवली, या विचाराने शुभदाच्या अंगावर काटा आला. पुरंदरच्या मागच्या कड्यात रानटी वाढलेलं हे झाड तिनेच शोधलं होतं. जायफळ घातलेल्या बासुंदीसारखी त्याची चव. येत्या सोमवारी तिच्या नावाने ते नवं वाण म्हणून जाहीर व्हायचं होतं. फळ एकदा तरी फोडून बघायला काय झालं होतं? पण इथल्या बागांतलं अंजीर माशीवाचून पिकतं, त्यामुळे ते फोडून बघायची सवयच कोणाला नाही. अख्खं तोंडात टाकायचं, मग तो माळी असो की डॉक्टरेट घेतलेली बाई.

वाण पारखणाऱ्या चव-पथकाचा नियम साधा होता. चावा, चव लिहा, थुंका. पथकातले बागायतदार सर्जेराव झेंडे राजरोस गिळत. शुभदा पथकप्रमुख, ती वहीत 'थुंकले' असं लिहायची आणि संध्याकाळी उरलेली पाटी घरी नेऊन, दार लावून, अधाशासारखी खायची.

"पण चव इतकी कशी?" तिने विचारलं.

"तीच तर भानगड आहे. कोवळं अंजीर माशीला बोलवायला एक वास सोडतं. मी त्याला आवतणगंध म्हणतो. इतर जातींत तो पिकेपर्यंत संपतो, या जातीत गरात उरतो. तुम्हाला चव म्हणून लागतं ते माशीला धाडलेलं आवतण आहे. खाल्लं की ते चरबीत साठतं आणि श्वासातून बाहेर पडत राहतं."

त्यांनी सर्जेरावांना बोलावून घेतलं आणि टेबलावर लांब काचनळी ठेवली. नळीत वीस माशा होत्या, दोन्ही टोकांना जाळी. आधी त्यांनी एका टोकाला माशी शिरलेलं अंजीर धरलं. विसाच्या वीस माशा दुसऱ्या टोकाला पळाल्या.

"आत शिरलेली मादी एक रस सोडते. जागा भरली, अशी पाटीच लावते म्हणा. त्या वासापुढे आवतणगंध फिका पडतो. खाल्ला तर मात्र तो रस पचून जातो, श्वासात उतरत नाही."

मग त्यांनी स्वतः जाळीवर श्वास सोडला. त्यांनी ते अंजीर कधी चाखलंच नव्हतं. माशा जिथे होत्या तिथे रेंगाळत राहिल्या.

सर्जेरावांनी फुंकर घातली आणि माशा जाळीवर तुटून पडल्या. एक तर जाळीत डोकं खुपसून बाहेर यायला धडपडत होती.

"आयला! म्या काय झाड हाय व्हय?" सर्जेरावांनी नाक चिमटीत धरलं.

"ओलसर भोक आणि आवतणगंध, माशीला एवढंच कळतं. कड्याखालच्या आपल्या रोपवाटिकेत त्या हजारोंनी आहेत. दोन महिने जाळीच्या खोलीत राहा, गंध उतरेल." अत्तार वळले. "केंजळेबाई, आता तुम्ही."

शुभदा टेबलाशी आली. माशा आल्या तर खोटी वही उघडी पडणार, आणि सोमवार हातचा जाणार. तिने जाळीवर श्वास सोडला.

एकही माशी आली नाही.

तिला हसू आवरेना. "मी नियम पाळते हो. रोज थुंकत होते."

"आन् परवा पाटीभर नेली ती काय थुंकाया?" सर्जेराव म्हणाले.

"ती नमुन्यासाठी नेली होती," शुभदा फणकारली.

अत्तार नळीकडे बघत होते. माशा रेंगाळत नव्हत्या. विसाच्या वीस पलीकडच्या जाळीला चिकटून, एकमेकींच्या अंगावर चढून, बाहेर पडायला बघत होत्या.

शुभदाचं हसू ओठांवरच थिजलं. तिच्या नाकात आत कुठेतरी, किंवा घशात खोल, एक पंख गळलेलं केंबरू होतं आणि त्याने आपली पाटी लावून ठेवली होती. तिने बेसिन गाठलं, पण थुंकून निघणारं ते नव्हतं.

"अंड्यांतून माशा बाहेर पडायला पाच आठवडे लागतात," अत्तार हळू आवाजात म्हणाले. "बाई, आता वही राहू द्या. पहिलं अंजीर गिळलंत कधी?"

"पहिल्याच दिवशी," शुभदा म्हणाली. "तेहेतीस दिवस झाले."