किल्लेदाराच्या गालातली जखम

भैरवकड्याच्या बुरुजांवर तांबडे फुटले, तेव्हा गनिमाच्या वेढ्याला चार महिने पुरे झाले होते आणि सदरेसमोर मुदपाकखान्याची स्वयंपाकीण रखमाक्का दोरखंडाने जखडलेली उभी होती. गडावरील साठेक शिपायांची तोंडे आली होती. भाकरीचा घास घेताना भले भले गडी डोळ्यांत पाणी आणीत. त्यावर, वेढा पडल्यापासून तटाकडे एकदाही न फिरकलेल्या सबनीस त्र्यंबकपंतांनी निवाडा दिला होता की, बाईने अन्नात विष कालवले.

"सरकार, हिचा कडेलोट करावा आणि गड खाली करून द्यावा. विषापुढे तलवार काय करणार?" पंत किल्लेदार हैबतरावांना म्हणाले. भोवतालच्या मानकऱ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावणे हीच त्यांची चाकरी होती.

गडावरचा शस्त्रवैद्य दाऊद जर्राह पुढे झाला. त्याने रखमाक्काच्या हंड्यातली आमटी वाडग्यात घेतली आणि सर्वांदेखत घटाघटा पिऊन टाकली.

"विष असेल तर मलाही हिच्याबरोबर लोटा. पंत, चार महिन्यांत कुणाच्या पोटात हिरवे पान नाही. कोरडी भाकरी, वर मिरचीचा ठेचा, त्यावर तंबाखू-चुना. कुणाचा तुटका दात गालाला घासतो. तोंड येईल नाही तर काय? तिखट नि चुना थांबवा, कड्यावरचा पाला आणि आवळे खाऊ घाला. पंधरवड्यात बहुतेक बरे होतील. आपण एकाचे तरी तोंड उघडून पाहिलेत?"

दाऊद हैबतरावांकडे वळला. "सरकार, आता आपले तोंड उघडावे."

"अदब!" पंत किंचाळले. "सरकारांना नुसती उष्णता झाली आहे!"

"हीच अदब त्यांचा जीव घेईल," दाऊद म्हणाला. "सरकार, अडीच महिने आपण डाव्या गालाने चावत नाही. तीन आठवड्यांत जी जखम भरत नाही, बोटाला टणक लागते, जिच्यातून रक्त येते, ती उष्णता नव्हे. दुखत नसली तरी ती दाखवावीच."

हैबतराव क्षणभर सदरेवरचे एकेक तोंड न्याहाळीत राहिले. मग त्यांनी मुंडासे उतरवले, उजेडाकडे मान केली आणि तोंड उघडले. दाऊदने बोट फिरवले. त्याचा चेहरा उतरला.

"कापावी लागेल."

"काप. आधी बाईला सोडा. आणि गड द्यायची एवढी घाई कुणाला, ते पाहा."

पंतांची झडती झाली. कमरेच्या शेल्यात गनिमाचे अभयपत्र निघाले. फितुराला त्याच सकाळी दोराने तटाखाली उतरवून त्याच्या धन्याकडे रवाना केले. पाल्याने आणि आवळ्यांनी बहुतेक शिपाई पंधरवड्यात सावरले. ज्या चौघांच्या तोंडातली जखम भरेना, त्यांना दाऊदने पुन्हा तपासले. दोन महिन्यांनी वेढा उठला. हैबतराव जगले, पण गाल कापल्याने चेहरा कायमचा वाकडा झाला.

विजयाच्या सदरेत मानकऱ्यांनी एकमुखाने सांगितले, "सरकारांना हे रूप अधिकच शोभते."

हैबतरावांनी दाऊदकडे पाहिले आणि उरलेल्या अर्ध्या तोंडाने ते मनसोक्त हसले.