लहरी गिळणारी खोली

तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मी स्वतः त्या खोलीत होतो.

रविवारची भर दुपार. जागा, माझ्या थोरल्या बहिणीची प्रयोगशाळा. सुट्टी असल्याने तिथे आम्ही दोघंच.

ताई तिथे कार्बनचा फोम बनवते. काळा, स्पंजसारखा सच्छिद्र, पण त्यातून वीज वाहते. मोबाईलच्या, रेडिओच्या लहरी त्याच्या छिद्रांत शिरतात आणि तिथेच विरतात.

तिची आठ वर्षांची लेक अपघातात गेली. मायलेकींकडे खेळण्यातल्या वॉकीटॉकींची जोडी होती. लेकीचा सेट त्याच अपघातात चक्काचूर झाला.

ताईचा मात्र खरखरायचा...

त्या खरखरीत तिला लेक ऐकू यायची.

आम्ही म्हणायचो, दुःखाने डोकं फिरलंय हिचं. तिने वाद घातला नाही. छिद्रं बारीक कर, थर वाढव, असं करत एक अख्खी खोली तिने आतून फोमने मढवली. बाहेरचं काही नको. फक्त लेक हवी.

"आज तू बस माझ्यासोबत," ती म्हणाली. "मी वेडी नाही, हे एकाला तरी कळू दे."

दार लावलं. टॉर्च पेटवला. लहरी मोजणाऱ्या मीटरवर शून्य. वॉकीटॉकी चिडीचूप.

मग... कुणीतरी श्वास घेतला.

"आई?"



ताईने बटण दाबलं. "बोल गं पिल्लू! मी आहे!"

"आई, तू बोलत का नाहीस?"

ताई ओरडत राहिली. पार घसा बसेपर्यंत. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला... तिचं बोलणंही त्या भिंती गिळत होत्या.

"मामा, तू तरी सांग ना तिला..."

मी आत आल्यापासून चकार शब्द काढला नव्हता.

ताईने झेप घेऊन दार उघडलं.

खर्रर्र...

साऱ्या शहराचा गोंगाट आत घुसला. त्यात लेक हरवली.

तिने दार लावलं. शून्य. उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं...

"तिला वाटतंय मी अबोला धरलाय रे!"

मी तिला अक्षरशः ओढत बाहेर काढलं. तेव्हा माझा हात आतल्या भिंतीला टेकला. हा फोम लहर गिळतो तेव्हा तापतो, एवढं मलाही ठाऊक आहे. पण भिंत थंडगार होती. फक्त एकच जागा कोमट...

माझ्या कमरेच्या उंचीवर. चिमुकल्या तळहाताएवढी.

ताई अजून रोज नवा फोम बनवते. बाहेरचं सगळं अडवेल, पण तिची स्वतःची हाक तेवढी लेकीपर्यंत जाऊ देईल, असा. असा फोम होत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

त्या उबेबद्दल मी तिला सांगितलेलं नाही.

सांगितलं, तर ती त्या खोलीतून बाहेरच यायची नाही.