वीतभर आत

फुटलेलं चाक संघप्रमुखांनी स्वतः उचलून आणलं आणि हॉटेलच्या गालिच्यावर वहिनींच्या पायाशी ठेवलं. मग कोटाच्या खिशातून एक दगड काढून चहाच्या किटलीशेजारी मांडला.

"या दगडानं आमचं वर्ष बुडवलंय," ते म्हणाले. "आणि हा आपोआप तिथे आलेला नाही. ज्यानं ठेवला तो माणूस मला हवाय. तक्रार करायची मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे."

वहिनींनी दगड हातात घेतला. खाजगी तपासाच्या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. या डोंगरातल्या गावात त्या खरं तर विश्रांतीला आल्या होत्या. सोबत त्यांचे दीर होते. गाडी ते चालवायचे, सामान ते उचलायचे, आणि वहिनींच्या डोक्यात काय चाललंय ते सगळ्यांत शेवटी त्यांनाच कळायचं. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, त्यामुळे सगळेच म्हणत.

भाऊजी सकाळपासून भारावलेले होते. जागतिक मालिकेतली ही तीन दिवसांची शर्यत घाटातल्या डांबरी रस्त्यांवर चालली होती. गाड्या एकामागून एक सुटायच्या, प्रत्येकीची झुंज घड्याळाशी, आणि तिन्ही दिवसांची बेरीज ज्याची कमी तो जिंकला. भाऊजींनी सकाळी रस्त्याकडेला उभं राहून पहिली गाडी पाहिली होती. आधी नुसता आवाज, मग पायाखालची जमीन थरथरली, आणि काही समजायच्या आत गाडी दिसेनाशी झाली. स्वतःला उत्तम चालक समजणाऱ्या भाऊजींची त्यानंतर बराच वेळ दातखीळ बसली होती.

"आमची गाडी पहिल्या नंबरावर होती," संघप्रमुख सांगू लागले. "आज पहिल्या दहा गाड्यांत जो आघाडीवर तो शेवटी सुटणार, असा क्रम होता. खिंडीखालच्या ज्या वळणावर हा दगड होता, तिथून आमच्या आधी नऊ गाड्या गेल्या. एकीलाही ओरखडा नाही. दगड लागला तो आमच्या धाकट्यांनाच. आजची फेरी संपताच माझ्या माणसानं तो तिथून उचलून आणला."

"धाकटे म्हणजे तुमचे चालक?"

"हो. त्यांचे वडील थोरले. एके काळी स्वतः विजेते होते. आता लेकासाठी आगाऊ गाडी चालवतात. रस्ता बंद व्हायच्या आधी तिथून जायचं आणि कुठे ओल आहे, कुठे बर्फ आहे, ते कळवायचं. पहिली गाडी सुटली की बाहेरून निरोप द्यायला बंदी. कुणी साधी खूण जरी केली तरी आम्ही बाद."

"तुमचा संशय कुणावर?"

"पिवळ्या गाडीवर. ती आमच्या अगदी पुढे होती, आणि त्या वळणापासून शेवटपर्यंतच्या तुकड्यात तिनं नको इतका वेळ घालवला. थांबून दगड ठेवायला तेवढा पुरे."

वहिनींनी दगड भाऊजींच्या हातात दिला. पाटीच्या दगडासारखा निळसर, एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला ओलं शेवाळ.

"काय दिसतं, भाऊजी?"

"दगड," भाऊजी प्रामाणिकपणे म्हणाले.

दुरुस्तीच्या आवारात संघाचा मेस्त्री नवं चाक बसवत होता. आठवड्यापूर्वी त्याचं धाकट्यांशी कडाक्याचं भांडण झालं होतं, हे त्यानं न विचारताच सांगितलं.

"पण मी सकाळपासून या तंबूतून हललेलो नाही, बाई. चाळीस माणसांदेखत इथे राबतोय. आणि राग काढायचा तर मी माझ्याच हातानं बांधलेल्या गाडीवर काढेन होय?"

धाकटे एका पेटीवर बसले होते. बारीक अंगाचा, शांत माणूस. शेजारी त्यांचा सहचालक. शर्यतीत पुढचं प्रत्येक वळण मोठ्यानं वाचून दाखवणं हे त्याचं काम.

"दगड दिसला नाही?" वहिनींनी विचारलं.

"तिथे गवताचा झुबका आहे, त्यामागे होता," धाकटे म्हणाले. "चाक फुटलं. वळणापाशी थोडा चढ आहे, वेग कमी होता, म्हणून गाडी सावरली. शेवट जवळच होता. चाक बदलत बसण्यापेक्षा तसेच लंगडत निघालो. वळणानंतर उतार आणि खाली पूल. पुलावर गाडी हातभर सरकली. फुटक्या चाकावर दुसरं काय होणार."

"चाक धड असतं तर पुलावर कसे गेला असतात?"

"पूर्ण वेगानं," सहचालक म्हणाला. "थोरल्यांचा निरोप खिंडीपर्यंतचा आला होता. पुढचा आला नाही, म्हणजे पुढे सगळं कोरडं. ते काही असेल तर कळवतातच."

थोरले आवाराच्या कडेला आपल्या पांढऱ्या गाडीपाशी उभे होते. उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. गाडीची डावी बाजू पार खरवडली होती.

"इथेच खांबाला घासली," ते म्हणाले. "वय झालं." मग संघप्रमुखांकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "तुझा फोन दे रे जरा. घरी कळवतो, पोरगा सुखरूप आहे म्हणून."

फोनवर ते एवढंच बोलले, "हो, सुखरूप आहे. हो, मी पाहिलं त्याला." आवाज मात्र त्यांच्या ताठपणाला न शोभणारा होता.

पिवळ्या गाडीचा चालक आडदांड आणि तोंडाळ होता. "मी थांबलो?" तो म्हणाला. "माझ्या आगाऊ गाडीनं कळवलं होतं, पुलाच्या तोंडाशी बर्फाचा पातळ थर आहे, दिसत नाही. मी गोगलगाईसारखा उतरलो. तिथे घसरलो असतो तर थेट दरीत. विचारा हवं त्याला, सगळेच दबकत गेले."

"मग तुमच्या खूप पुढे असलेल्या माणसाला हरवायला दगड ठेवायचा मोह झाला नाही?"

तो हसला. "ठेवून उपयोग काय, बाई? जिथे तो दगड होता म्हणतात तिथे माझं चाक जातच नाही. तिथे चाक घालायला छाती लागते."

दुपारी भाऊजींनी वहिनींना घाटात नेलं. रस्ता पुन्हा खुला झाला होता. वळणाच्या दोन्ही बाजूंना कापलेला डोंगर लालभडक होता. इथे बघ्यांची गर्दी नव्हती की पहारा नव्हता. पहारेकरी वर खिंडीत आणि खाली पुलापलीकडे.

वहिनी आतल्या कडेला उकिडव्या बसल्या. सगळ्या गाड्यांच्या चाकांनी गवताची कड एका रेषेत चिरडली होती. त्या रेषेच्या आत, वीतभर अंतरावर, एकच चाकोरी वेगळी होती. एकाच गाडीची. तिच्या मध्यावर दगडाचा खळगा.

भाऊजींनी त्या वीतभर जागेकडे पाहिलं. पलीकडे खडक सुरू होत होता. वाऱ्याच्या वेगानं येणारा माणूस इथे, बरोबर इथे, चाक आणतो.

"देवा," ते पुटपुटले. "हे माणसाचं काम आहे?"

"चला, खाली पुलावर," वहिनी म्हणाल्या.

पूल डोंगराच्या सावलीत होता. दुपार झाली तरी तोंडाशी काचेसारखा बर्फ चकाकत होता. दोन्हीकडचा खडक निळसर, शेवाळलेला. डाव्या कठड्यावर लांबलचक ताजा ओरखडा होता, आणि त्यात पांढरा रंग.

वहिनी कठड्यावरून खाली पाहत राहिल्या. दरीचा तळ दिसत नव्हता.

संध्याकाळी आवारातल्या तंबूत संघप्रमुख तक्रारीवर सही करायला बसले होते. थोरले, धाकटे आणि सहचालक समोर उभे होते.

"सही करू नका," वहिनी म्हणाल्या. "पिवळ्या गाडीचा यात हात नाही. वळणावरचा डोंगर लाल आहे आणि दगड निळा. असा दगड पुलापाशी मिळतो. गाड्या वळणावरून पुलाकडे खाली जातात, त्यामुळे चाकानं उडून तो वर येणार नाही. कुणीतरी पुलापासून चालत वर आणला. शर्यतीतल्या चालकाला तेवढी उसंत नसते. ती होती रस्ता बंद व्हायच्या आधी तिथून गेलेल्या माणसाला."

संघप्रमुखांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"दगड वीतभर आत होता. नऊ गाड्या त्याला न शिवता गेल्या, कारण तिथे चाक घालणारा माणूस एकच आहे. हे ठेवणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. तुमचं चाक कुठे पडतं हे इतकं कोण ओळखतं, धाकटे?"

धाकट्यांची मान वळली. ते वडिलांकडे पाहत होते.

"थोरले, तुमची गाडी खांबाला घासली नाही. कठड्यावर तुमचाच रंग आहे. बर्फावर तुम्हीच घसरलात आणि फोन त्यात फुटला. म्हणून पुढचा निरोप आला नाही, आणि म्हणूनच नंतर दुसऱ्याचा फोन मागावा लागला."

थोरल्यांनी खुर्ची ओढली आणि सावकाश बसले.

"चाक वाकलं होतं," ते म्हणाले. "पलीकडच्या गावात पोचून फोन मिळवेपर्यंत पहिली गाडी सुटली असती. मग निरोप दिला तर हा बाद. रस्त्यात उभा राहून हात केला तरी बाद. आणि हा यायचा होता पूर्ण वेगानं, मी काही कळवलं नाही म्हणजे कोरडं आहे असं समजून." त्यांनी बोटांनी वीतभर अंतर दाखवलं. "त्याचं चाक त्या गवतात कुठे पडतं ते मी डोळे मिटून सांगेन. वळण चढावर आहे, तिथे फुटलं तर जीव जात नाही. शेवट जवळ, म्हणजे हा थांबणार नाही, लंगडत उतरेल. पूल ओलांडेल. एवढाच हिशेब केला."

"आणि चुकला असता तर?" संघप्रमुखांनी विचारलं.

"म्हणून गाडी आडवाटेला लावून वर झाडीत बसून राहिलो. तो पूल ओलांडेपर्यंत मी श्वास घेतला नाही."

भाऊजींना आता कुठे उलगडलं. डोंगराएवढ्या रस्त्यातून बापानं लेकासाठी वीतभर जागा निवडली होती, आणि लेक बरोबर तिथेच आला होता.

"मला का सांगितलं नाहीत, बाबा?" धाकट्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुला ते लपवावं लागलं असतं. गुन्हा माझ्या एकट्याचा राहू दे म्हटलं."

धाकटे टेबलापाशी आले. मग त्यांनी टेबलावरची तक्रार उचलली आणि फाडली.

"मी आयोजकांकडे जातो," ते संघप्रमुखांना म्हणाले. "खरं काय ते सांगतो. ते आपल्याला बाद करतील."

"वर्ष गेलं म्हणून समज," संघप्रमुख म्हणाले.

"वर्ष गेलं, मी तर आहे ना." धाकट्यांनी वडिलांचा कोट खुंटीवरून काढून त्यांच्या खांद्यावर घातला. "चला बाबा. दोघं जाऊ."

आयोजकांनी त्यांना बाद केलं. पिवळ्या गाडीवरचा डाग मात्र धुतला गेला.

शेवटच्या दिवशी सकाळी वहिनी आणि भाऊजी घाटात दोरीमागे उभे होते. थोडं पुढे बाप आणि लेक, इतर बघ्यांसारखेच. दुरून घरघर आली, जमीन थरथरली आणि पिवळी गाडी कडेच्या खडीचा फवारा उडवत वळणात शिरली. थोरले भान विसरून पुढे झुकले. तीस वर्षं त्यांनी हे गाडीच्या आतूनच पाहिलं होतं.

"मागे या, बाबा," धाकटे म्हणाले आणि त्यांनी वडिलांना दंडाला धरून दोरीमागे घेतलं. गाडी निघून गेली तरी तो हात त्यांनी सोडला नाही.