अंधारात मेलेले जंतू

नळीत प्रेतं होती. एक-दोन नाहीत, हजारो.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळा लावला. बारीक बारीक काड्या, वाऱ्यानं विस्कटलेल्या गवताच्या कुसळांसारख्या, काचभर पडल्या होत्या.

नळीत एकही जंतू निघायला नको होता. ती रिकामी आहे हे दाखवायलाच तर त्यांनी ती फ्रिजमधून काढली होती. चार वाजता प्राचार्यांच्या खोलीत समिती बसणार होती, आणि ज्या पत्रासाठी बसणार होती ते मॅडमच्याच हातचं होतं. या विद्यार्थिनीनं प्रयोग न करताच निकाल लिहिला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. शिक्षा ठरलेली. परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष गेलं. पत्राची एक प्रत मुलीच्या घरीही गेली होती.

तिला सगळा वर्ग मुंगी म्हणायचा. अंगानं एवढीशी, आणि कधी बघावं तर कामात.

प्रयोग तसा साधा होता. एक निळा रंग असतो. अंधारात तो जंतूंच्या शेजारी गुण्यागोविंदानं राहतो. पण उजेड पडला की तोच रंग पेटतो आणि शेजाऱ्याचा जीव घेतो. प्रत्येकानं दोन नळ्या घ्यायच्या, दोन्हींत जंतू आणि निळा रंग घालायचा. एक नळी दिव्याखाली ठेवायची, दुसरी चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळून कपाटात. मग एकेक थेंब जंतूंचं खाद्य घातलेल्या प्लेटवर पसरायचा; जगलेला प्रत्येक जंतू रात्रीत वाढून एक ठिपका होतो. दुसऱ्या दिवशी दिव्याची प्लेट कोरी, अंधाराची ठिपक्यांनी भरलेली. वर्गात सगळ्यांचं तसंच आलं.

मुंगीच्या दोन्ही प्लेटा कोऱ्या. आणि जर्नलमध्ये तिनं लिहिलं होतं, शून्य आणि शून्य.

अंधारात जंतू मरत नाहीत. म्हणजे हिनं दुसऱ्या नळीत ते घातलेच नाहीत, कंटाळा केला. मॅडमना हे दोन मिनिटांत पटलं होतं. गेल्या वर्षी एकानं असंच केलं होतं. तेव्हापासून मॅडमनी नियम घातला होता, की प्रत्येक नळीच्या काचेवर त्यांची सही आणि वेळ हवी.

आता त्या सहीच्या नळीत प्रेतं होती. काल याच नळीतला थेंब त्यांनी नव्या प्लेटवर घातला होता, तीही सकाळी कोरी निघाली होती. जंतू घातले होते. ते मेले होते. आणि त्या रंगात ते उजेडाशिवाय मरत नाहीत.

अंधारातल्या नळीला कुणीतरी उजेड दाखवला होता.

मॅडमनी मुंगीला बोलावून घेतलं. ती दारातच उभी राहिली. आठ दिवसांत तिचा चेहरा धुतल्या पाटीसारखा झाला होता.

"फॉइल कुणी गुंडाळलं?"

"मी."

"कसं?"

"खालून पीळ देऊन. गोळीच्या कागदाला असतो तसा."

मॅडमनी नळीवरून काढून ठेवलेल्या फॉइलकडे पाहिलं. त्याला पीळ नव्हता. काठ दोनदा दुमडून नखानं दाबलेले होते, इस्त्रीच्या घडीसारखे.

"तू नंतर उघडलंस?"

"नाही. मी तिथं नव्हते. भांडी धुवायला पाठवलं होतं."

कुणी पाठवलं, ते मॅडमनी विचारलं नाही. त्यांना आठवत होतं. सही घ्यायच्या आधीच नळी गुंडाळली म्हणून त्यांनीच तिला सगळ्यांसमोर झापलं होतं.

"दुसऱ्या कुणाचा आकडा बघून लिहायचं सुचलं नाही तुला?"

मुंगीनं मान वर केली. "सगळे म्हणाले, दोनशे लिही, कोण बघतंय. पण तिथं शून्यच होतं, मॅडम."

मॅडमनी तिला बसायला सांगितलं आणि स्वतः बाहेर पडल्या. खरं सांगायचं तर त्यांना दोष द्यायला दुसरा कुणीतरी हवा होता. वर्गात पहिल्या नंबरासाठी मुंगीशी झुंजणारा एक मुलगा होता, त्याला सगळे स्कॉलर म्हणत. त्याला गाठून त्यांनी खोदखोदून विचारलं. तो सबंध वेळ दिव्यापाशी होता, सात जणांच्या घोळक्यात. दोनशेचा सल्ला त्याचाच, हे त्यानं लाजत कबूलही केलं. म्हणाला, ती ऐकती तर हे काही झालंच नसतं.

उरले लॅबचे काका. काका बेसिनपाशी बाटल्या पालथ्या घालत होते. नळीचं नाव काढताच त्यांचा हात थांबला.

"खिडकीत होती ती," ते म्हणाले.

"कधी?"

"अकराच्या पुढं. त्या खिडकीत अकरा ते बारा ऊन येतं. मी रोज पडदा ओढतो, त्या दिवशी पडदा धुवायला काढला होता. नळी अशी निळी चमकत होती, की दोनदा बघितली."

"मग उचलली का नाहीत?"

काकांनी बाटली खाली ठेवली. "तुमच्या हातची वस्तू. मॅडमनी ठेवलीय म्हटल्यावर आपण कशाला लुडबुड करा? नंतर पत्राचं कळलं, तेव्हा दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन गेलो. धीर नाही झाला."

मॅडम परत आपल्या टेबलाशी आल्या. मुंगी तशीच बसली होती. विचार करता करता मॅडमनी फॉइलचा नवा तुकडा घेतला आणि नळी गुंडाळली. काठ दुमडला. पुन्हा दुमडला. नखानं दाबला.

मग त्यांनी आपल्या हातातली घडी पाहिली आणि शेजारी पडलेली जुनी घडी पाहिली.

काचेवरची सही त्यांनी वाचली. वेळ होती अकरा दहा. मग पर्समधून फोन काढून त्या दिवशीचे कॉल पाहिले. थोरल्या बहिणीचा कॉल, अकरा बारा. चौतीस मिनिटं.

चार वाजता प्राचार्य आणि दोन ज्येष्ठ शिक्षक बसले होते. मुंगी भिंतीशी, काका दारात. मॅडम उभ्याच राहिल्या.

"या मुलीनं प्रयोग केला होता. जंतू घातले होते, त्यांचे मेलेले देह मी आज पाहिले. तिनं नळी गुंडाळली, तेव्हा ते जिवंत होते. मग सहीसाठी ते फॉइल उघडलं गेलं. सही अकरा दहाला झाली आणि दोन मिनिटांनी सही करणाऱ्या बाईंचा फोन वाजला. वडिलांना कुणी सांभाळायचं यावरून बहिणीबहिणींचं भांडण. बाईंनी उघडी नळी खिडकीत ठेवली आणि पाठ फिरवून चौतीस मिनिटं भांडल्या. नळी उन्हात होती, पडदा नव्हता. फोन संपल्यावर बाईंनी ती स्वतःच्या पद्धतीनं गुंडाळून कपाटात टाकली. मनात भांडणच होतं. नळीचं काही लक्षातच राहिलं नाही. बारा वाजता हिनं झाकण काढून थेंब घेतला. तो मेलेल्या जंतूंचा होता."

"बाई म्हणजे..." प्राचार्य थांबले.

"मी. लबाडी पकडायला नियम केला, त्या नियमानंच मी नळी उघडली. आणि चोर सोडून संन्याशाला सुळावर दिलं."

प्राचार्यांनी घसा खाकरला. पत्र मागं घेतलं की विषय मिटला, ते समजुतीनं म्हणाले. कारण म्हणून तांत्रिक अडचण लिहिली तरी चालेल, बाहेर कशाला बोभाटा. मॅडमनी कागद ओढला आणि कारणाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं.

सगळे उठले. मुंगी मात्र जागची हलली नाही.

"मॅडम, हे घरी सांगाल? माझं नाही ऐकत."

तिचे वडील किल्ल्या बनवायचे. रस्त्याच्या कडेला जेमतेम दोन माणसं मावतील एवढं दुकान, भिंतभर टांगलेल्या किल्ल्या, त्या घासायचं यंत्र घरघरत होतं. मॅडमना पाहून ते लगबगीनं उठले, फडक्यानं स्टूल पुसलं. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही.

मॅडम स्टुलावर बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, ऊन, फोन, सही, घडी. काही वगळलं नाही. सांगता सांगता केव्हातरी वडिलांनी यंत्र बंद केलं होतं.

मॅडमना वाटलं, आता ते चिडतील. चिडावं असंच त्यांना वाटत होतं.

ते चिडले नाहीत. हातावरचा पितळेचा भुसा चोळत राहिले.

"आठ दिवस ती सांगत होती," ते हळूच म्हणाले. "रडून सांगत होती. मी म्हटलं, शिकलेली बाई खोटं कशाला लिहील? तुमच्यावर विश्वास ठेवला मी, मॅडम. पोरीवर नाही."

मॅडमनी हात जोडले. वडिलांनी ते पाहिलं की नाही, कळलं नाही, कारण ते आता मुलीकडे बघत होते. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

मुंगीनं पुसलेलं स्टूल उचललं, वडिलांच्या पायांशी सरकवलं आणि म्हणाली, "बसा, बाबा."